दिल्ली ते कुरुक्षेत्र : चार दिवसांची वाट

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी यंदा कोणी तरी सेवानिवृत्त झाले असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. निरोपसमारंभ आटोपतो, शाल कपाटात जाते, निवृत्तिवेतनाचे कागद मार्गी लागतात, आणि मग एके दिवशी सकाळी नऊ वाजता आपल्याला कोठेही जावयाचे नाही हे ध्यानात येते. या दिवसांत प्रवासाचे बेत हमखास होतात, आणि ते बहुधा मोठे असतात. चारधाम, दक्षिण भारत, नाही तर मुलाकडे परदेशी. आम्ही आज जो प्रवास सुचविणार आहोत तो अगदी लहान आहे. दिल्लीपासून कुरुक्षेत्रापर्यंतचे अंतर अवघे 160 किलोमीटर. मोटार ते तीन तासांत तोडते. आमचे म्हणणे इतकेच, की ते चार दिवसांत तोडावे.

हा रस्ता म्हणजे ग्रँड ट्रंक रोडचा एक तुकडा. बंगालपासून पंजाबपार जाणारी ही वाट इतकी जुनी आहे की तिचा जन्म कोणी सांगू शकत नाही. प्राचीन ग्रंथांतील उत्तरापथ तो हाच, असे मानतात. 1540 ते 1545 अशी जेमतेम पाच वर्षे राज्य केलेल्या शेरशहा सूराने तिला नीट रूप दिले. सोनारगावपासून सिंधू नदीपर्यंत त्याने रस्ता बांधून काढला, दुतर्फा झाडे लावली, दर दोन कोसांवर सराई उभारली. सराईत हिंदू व मुसलमान प्रवाशांच्या पाण्याची व भोजनाची वेगवेगळी सोय होती, असे त्याचा चरित्रकार अब्बास खान सरवानी लिहितो. पुढे मोगलांनी कोसाकोसावर मिनार बांधले. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात रस्ता खडीने पक्का केला. किपलिंगची ‘किम’ ही 1901 सालची कादंबरी ज्यांनी वाचली असेल त्यांना या रस्त्यावरची माणसांची वर्दळ आठवेल. स्वातंत्र्यानंतर दिल्लीपासून अटारीपर्यंतच्या भागाला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 1 म्हणत. 2010 साली क्रमांक बदलले, आणि आता दिल्ली ते जालंधर हा भाग श्रीनगर ते कन्याकुमारी या क्रमांक 44 मध्ये गेला आहे. सरकारी क्रमांक बदलला तरी ट्रकचालक आणि ढाबेवाले आजही त्याला ‘जी. टी. रोड’च म्हणतात.

रस्ता पाहण्यासाठी प्रवास करावा, ही कल्पना काहींना विचित्र वाटेल. प्रवास करावयाचा तो कोठे तरी पोहोचण्यासाठी! परंतु अमेरिकेत 66 क्रमांकाचा एक महामार्ग होता. 1926 साली तो आखला गेला. शिकागोपासून पॅसिफिक महासागराच्या काठापर्यंत तो जात असे. पुढे रुंद आणि वेगवान रस्ते झाले, वाटेवरची लहान गावे बाजूला पडली आणि 1985 मध्ये त्याचे नावही महामार्गांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. आज त्या निरुपयोगी रस्त्यावरून मुद्दाम जाणारे लोक आहेत, आणि त्यांत नोकरीतून मोकळी झालेली वयस्कर जोडपी पुष्कळ आहेत. पेट्रोल पंपाची जुनी पाटी, बंद पडलेले एखादे खाणावळगृह, एवढे पाहण्यासाठी ते हजारो मैल गाडी चालवितात. त्या रस्त्याचे वय शंभर वर्षे. आपल्या दाराशी जो रस्ता आहे त्याचे वय मोजावयास शतके लागतील, आणि आपण त्यावरून काचा वर करून ताशी 100 किलोमीटर वेगाने निघून जातो.

दिल्लीतील मराठी माणसांना तर आमचे आणखी एक सांगणे आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत पंचवीस-तीस वर्षे येथे घालवलेली शेकडो कुटुंबे आहेत. सिमल्याला, चंदीगडला, वैष्णोदेवीला ती याच रस्त्याने अनेकदा गेली. निवृत्तीनंतर सरकारी निवासस्थान सोडावे लागते, सामान बांधले जाते, पुण्याला किंवा नागपूरला परतायचे ठरते. आणि मग लक्षात येते की पानिपत पाहावयाचे राहिले. राहणारच, कारण आता महामार्ग पानिपत शहराच्या डोक्यावरून जातो. लांबलचक उन्नत मार्गावर गाडी चढते, खाली कापडाची दुकाने आणि घरांच्या गच्च्या सरकत जातात, आणि दहा मिनिटांत पानिपत संपते. ज्या नावाने आपल्या भाषेत एक शब्दप्रयोगच रूढ करून ठेवला, ते गाव आपण एका पुलावरून ओलांडतो. महाराष्ट्रातील वाचकांनी आगगाडीने दिल्ली गाठावी आणि तेथून भाड्याची मोटार करावी. पुढील वर्णन त्यांनाही तितकेच लागू आहे.

पहिला दिवस दिल्लीतच काढावा, आणि सुरुवात फिरोजशहा कोटल्यापासून करावी. तेथे पायऱ्यापायऱ्यांच्या पडक्या इमारतीवर सुमारे 13 मीटर उंचीचा एक गुळगुळीत अखंड स्तंभ उभा आहे. तो अशोकाचा आहे, पण दिल्लीचा नव्हे. आजच्या हरियाणातील यमुनानगर जिल्ह्यात टोपरा नावाचे गाव आहे. तेथून चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो आणविला. तो कसा आणला याचे वर्णन शम्स-इ-सिराज अफीफने लिहून ठेवले आहे. स्तंभाच्या पायाभोवती सावरीच्या कापसाचे ढीग घातले, त्यावर तो हळूच आडवा केला, वेत आणि कातडी यांत गुंडाळला. मग 42 चाकांचा गाडा तयार केला, प्रत्येक चाकाला दोर बांधला आणि एकेका दोराला 200 माणसे लागली. गाडा यमुनेपर्यंत आला आणि तेथून मोठमोठ्या नावांवरून स्तंभ दिल्लीस उतरला. इतके करूनही त्यावर काय लिहिले आहे हे सुलतानाला कोणी वाचून दाखवू शकले नाही. ती लिपी 1837 साली जेम्स प्रिन्सेपने लावली.

आणि लिहिले आहे काय? अशोकाचा सातवा स्तंभलेख केवळ याच स्तंभावर आहे, अन्यत्र कोठेही नाही. आणि त्यात त्याने रस्त्याविषयी सांगितले आहे. माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले, आंबराया लावल्या, ठरावीक कोसांवर विहिरी खणल्या, विश्रामस्थाने आणि पाणपोया केल्या, असा त्याचा आशय आहे. विहिरी अर्ध्या कोसावर होत्या की आठ कोसांवर, यावर पंडितांत वाद आहे. पुढे तोच राजा म्हणतो की असल्या सुखसोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या होत्या, त्यांचे फार कौतुक नको. लोकांनी धर्माने वागावे हा आपला हेतू. हा लेख उत्तरेकडून, म्हणजे आपण जेथे निघालो आहोत त्याच बाजूने आला. प्रवासाच्या आरंभी तो पाहून घ्यावा. गुरुवारी कोटल्यात गर्दी असते. तेथील तळघरांत जिन राहतात अशा श्रद्धेने लोक अर्ज लिहून आणतात, कोणी कोणी त्याच्या अनेक प्रती काढून निरनिराळ्या कोनाड्यांत ठेवतात. जन्मभर सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटेल.

दुपारी पुराना किल्ला. शेरशहाच्या राजधानीचे अवशेष येथे आहेत. शेजारीच प्राणिसंग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारात एक कोस मिनार आहे. (शुक्रवारी संग्रहालय बंद असते.) नातवंडे बरोबर असतील तर ती वाघ पाहतील, तुम्ही मिनार पाहावा. विटांचा, चुन्याच्या गिलाव्याचा, खाली अष्टकोनी आणि वर निमुळता गोल असा हा सुमारे 30 फूट उंचीचा खांब पाहून आपल्याकडील देवळापुढच्या दीपमाळेची आठवण होते. फक्त दिवे ठेवण्यासाठी बाहेर काढलेले दगडी हात त्याला नाहीत. त्याचे काम एकच होते: धुळीत, धुक्यात, झाडीत वाट चुकलेल्या प्रवाशाला लांबून दिसावयाचे. एक मिनार गाठला की एक कोस झाला; त्या काळचा कोस आजच्या हिशेबाने साधारण तीन ते चार किलोमीटर. असे सुमारे 110 मिनार देशात उरले आहेत आणि त्यांतील 49 एकट्या हरियाणात आहेत. आपला मार्ग त्यांच्यामधूनच जातो, म्हणून पुढे गाडीत ज्याच्या हाती चक्र नसेल त्याने मिनारांवर नजर ठेवावी. कोणी शेतात उभा आहे, कोणी वस्तीत घरांच्या मध्ये अडकला आहे. हा खेळ नातवंडांना फार आवडतो, आणि त्यांच्या आजोबांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे. आझादपूरच्या अलीकडे-पलीकडे दोन ठिकाणे आहेत. एक शालीमार बाग. मोगल बादशहा उत्तरेकडे निघाले की पहिला मुक्काम येथे पडे, आणि 1658 साली औरंगजेबाने आपला पहिला राज्याभिषेक येथेच करविला. दुसरे बादली की सराई, जेथे 8 जून 1857 रोजी दिल्लीवर चालून येणाऱ्या इंग्रजांशी लढाई झाली. सराईचे दरवाजे अद्याप उभे आहेत. दोन्ही ठिकाणी अर्धा अर्धा तास पुरे. मुकरबा चौकापासून रस्ता आठपदरी होतो आणि सिंघूवरून हरियाणात शिरतो.

मुरथळबद्दल लिहावयाची गरज नाही. दिल्लीतील प्रत्येक कुटुंबाने तेथील पराठा खाल्लेला आहे. फक्त साठीनंतर तो अर्धा खावा आणि वरचा लोण्याचा गोळा बाजूला काढून ठेवावा. काढून ठेवणारा मनुष्य मात्र आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

येथून पुढचा रस्ता जपून पाहावयाचा आहे. गन्नौर, समालखा, पानिपत. ही नावे पाट्यांवर भराभर येतात. 1760 सालच्या हिवाळ्यात मराठ्यांच्या दृष्टीने याच चाळीस-पन्नास किलोमीटरांवर सारे काही अवलंबून होते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती बहुधा रणांगणाची कथा म्हणून सांगितली जाते. रस्त्यावरून जाताना ती रस्त्याची कथा म्हणून ऐकावी. ऑगस्ट 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पैशाची टंचाई इतकी होती की लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासाचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. ऑक्टोबरात सैन्य उत्तरेस निघाले. अहमदशहा अब्दाली यमुनेच्या पलीकडच्या काठावर होता, नदी भरून वाहत होती आणि तो अलीकडे येऊ शकणार नाही असा विश्वास होता. 17 ऑक्टोबरला मराठ्यांनी कर्नालच्या पूर्वेस यमुनेजवळचे कुंजपुरा हे ठाणे जिंकले. अब्दालीसाठी साठविलेले धान्य हाती आले. आता सैन्यापुढे कुरुक्षेत्र होते. सैन्याबरोबर बायकामुले होती, नोकरचाकर होते, आणि घरून तीर्थयात्रेच्या हेतूने निघालेले हजारो यात्रेकरूही होते. या साऱ्यांना घेऊन भाऊ कुरुक्षेत्राच्या वाटेस लागले आणि तरावडीपर्यंत पोहोचले. तेथे बातमी आली की अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आहे.

नकाशा पुढे घेऊन बसावे. बागपत दिल्लीच्या वर आहे आणि पानिपताच्या खाली. म्हणजे अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या बरोबर मध्ये, या रस्त्यावर येऊन बसला. सैन्य तरावडीवरून मागे फिरले, पानिपताशी आले आणि तेथेच छावणी घालून राहिले. नोव्हेंबरच्या आरंभापासून 14 जानेवारी 1761 पर्यंत, अडीच महिने. दिल्ली 90 किलोमीटरवर होती. आज जेथून आपण पराठा खाऊन तासाभरात पानिपत गाठतो, तेथून धान्याची एक गोणी वर जाऊ शकत नव्हती. अंतर्वेदीत अब्दालीची रसद तोडण्यासाठी फिरणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून रोकड घेऊन स्वारांची एक तुकडी निघाली. सरळ रस्ता शत्रूच्या हाती, म्हणून आडवाटेने, रात्रीच्या अंधारात. आणि ती वाट चुकून थेट अफगाण छावणीतच शिरली. कोसाकोसावरचा मिनार कशासाठी असतो, हे त्या रात्रीइतके कशानेही कळत नाही.

मुक्काम पानिपतात करावा. तिसरा दिवस संपूर्ण या शहराला द्यावा, आणि उन्नत मार्गाखालच्या जुन्या रस्त्याने आत जावे. गाव उंच टेकाडावर वसलेले, गल्ल्या अरुंद, रहदारी दाट; गाडी बाहेर ठेवून रिक्षा करणे बरे. इब्राहिम लोदीची कबर आहे. 1526 साली बाबराशी लढताना तो येथे पडला. बाबराने त्यानंतर बांधविलेली काबुली बाग मशीद आहे. बू अली शहा कलंदराचा दर्गा आहे, तेथे सर्व धर्मांचे लोक जातात. उर्दू कवी हाली 1837 साली याच गावी जन्मले. पानिपताचा आजचा व्यवसाय मात्र कापडाचा आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी येथे हातमाग घातले. आता जगभरातून टाकून दिलेले लोकरी कपडे येथे येतात, रंगाप्रमाणे निवडले जातात, फाडून पुन्हा सूत होते आणि त्या सुताची घोंगडी-ब्लँकेटे होतात. एखादे विकत घ्यावे. उत्तम ऊब देते.

काला अंब शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर आहे. येथे एक आंब्याचे झाड होते, त्याच्या परिसरात लढाईचा जोर होता, आणि रक्ताने भूमी काळी पडली म्हणून झाडाला हे नाव मिळाले, असे सांगतात. दुसरे कोणी म्हणतात की त्याची पालवीच गर्द काळसर होती. झाड केव्हाच गेले. त्याच्या जागी विटांचा एक साधा स्तंभ आहे आणि भोवती बाग केली आहे. ज्यांनी भव्य स्मारकाची कल्पना केली असेल त्यांची येथे निराशा होईल, आणि ती व्हावी असेच आम्हांला वाटते. सपाट शेते आहेत, गव्हाचे पीक आहे, लांबवर पंपाचा आवाज येतो. टेकडी नाही, दरी नाही, ओढा नाही. आडोसा म्हणून घ्यावा असे काही नाही. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्या माणसांना या उघड्या मैदानात कसे वाटले असेल, हे येथे उभे राहिल्यावर पुस्तकाच्या मदतीशिवाय समजते. पुस्तकेही बरोबर ठेवावीत: त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : 1761’ आणि विश्वास पाटलांची 1988 ची ‘पानिपत’ ही कादंबरी. पहिले आधी वाचावे. दुसरे आधी वाचलेला मनुष्य पहिले बहुधा वाचत नाही.

14 जानेवारीस येथे मराठी मंडळी मोठ्या संख्येने जमतात. हरियाणातील रोड समाजाचे लोकही येतात. पानिपतानंतर याच भागात राहून गेलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, अशी त्यांच्यातील पुष्कळांची भावना आहे. इतिहासकारांचे यावर एकमत नाही. तुम्ही काला अंबावर मराठीत बोलत असाल आणि एखादा उंचापुरा हरियाणवी शेतकरी ‘कुठले?’ म्हणून चौकशी करू लागला, तर वाद घालू नये, चहा घ्यावा.

तरी त्या तारखेस जाण्याचा आग्रह धरू नये. जानेवारीत या महामार्गावर पहाटेपासून धुके असते आणि समोरची गाडी दहा पावलांवर येईपर्यंत दिसत नाही. वयस्कर चालकाने हा धोका पत्करू नये. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळात धुराने हवा बिघडलेली असते. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च उत्तम: मोहरी फुललेली असते, ऊन सौम्य असते. सलग दीड तासाहून अधिक गाडी चालवू नये, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामावर असावे, रक्तदाबाच्या गोळ्या सामानाच्या तळाशी न ठेवता पुढच्या कप्प्यात ठेवाव्यात. वाहन परवान्याची तारीख निघण्यापूर्वी पाहावी. 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षे ओलांडलेल्यांना परवाना एका वेळी पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि ज्यांनी तो तरुणपणी काढून पाकिटात ठेवला त्यांच्या हे गावीही नसते. पत्नीला गाडी येत असेल तर अर्धे अंतर त्यांनी चालवावे. त्यांची निवृत्ती कधीच होत नाही. चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका होते आहे तेवढ्यात त्यांच्याकडे थर्मास आणि डब्यांचे खाते सोपवू नये.

हे सारे आम्ही चार दिवसांच्या प्रवासासाठी लिहीत आहोत, चाळीस दिवसांच्या नव्हे, याला कारण आहे. गुडघे, डोळे आणि परवाना यांची मुदत साधारण एकाच सुमारास संपते. मोठा बेत पुढच्या वर्षावर जातो, मग त्याच्या पुढच्या. लहान बेत येत्या सोमवारी पार पाडता येतो.

चौथ्या दिवशी पानिपत सोडावे. घरौंडा येथे महामार्गाजवळच मोगल काळातील सराईचे दोन दरवाजे उभे आहेत. भिंती गेल्या, खोल्या गेल्या. फक्त प्रवेशद्वारे राहिली, त्यामुळे आत शिरले की माणूस बाहेर येतो. दरवाजांवरचे नक्षीकाम सावकाश पाहावे. एका सराईत शंभर-दोनशे प्रवासी, त्यांचे उंट, बैल आणि घोडे रात्र काढत. संध्याकाळी दरवाजा बंद होई आणि सकाळी सर्वांचा माल जागच्या जागी आहे ना हे पाहूनच उघडला जाई. कर्नालला कोस मिनार आहे. 1739 साली नादिरशहाने मोगल बादशहा मुहम्मदशहाचा पराभव येथे केला, आणि 1955 पासून येथे राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. अंतराळवीर कल्पना चावला याच गावच्या. पूर्वेकडे फाटा कुंजपुऱ्यास जातो. वेळ असेल तर जावे. नसेल तर पुढे निघावे.

तरावडी हे लहानसे गाव आहे, बासमतीच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे. 1191 आणि 1192 साली पृथ्वीराज चौहान आणि मुहम्मद घोरी यांच्या लढाया येथे झाल्या. बहुतेक प्रवासी या गावी थांबत नाहीत. आपण थांबावे. 1760 च्या ऑक्टोबरात मराठ्यांची तीर्थयात्रा येथपर्यंत आली आणि येथून परत वळली. कुरुक्षेत्र आणखी वीस-बावीस किलोमीटरवर होते; पाच-सहा कोस, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाची एका दिवसाची मजल. घरून निघताना ज्यांनी सूनबाईंना सांगितले असेल की कुरुक्षेत्राचे तीर्थ आणतो, त्या सर्वांनी येथे पाठ फिरविली. त्यांच्यापैकी फार थोडे घरी पोहोचले. तुमची गाडी उत्तरेकडे तोंड करून उभी असते. ती तशीच पुढे न्यावी.

पिपलीला महामार्ग सोडून डावीकडे वळले की ठाणेसर लागते, आणि मग कुरुक्षेत्राचे ब्रह्मसरोवर. पाणी विस्तीर्ण आहे, घाट स्वच्छ आहेत, संध्याकाळी गारवा असतो. सरोवरात उतरावयाच्या पायऱ्या बेताच्या उंचीच्या आहेत आणि कठड्याला धरून उतरता येते. जवळच सन्निहित सरोवर आहे. पितरांसाठी श्राद्ध व तर्पण करण्याची जागा म्हणून त्याची ख्याती. अमावास्येला येथे दूरदूरचे लोक येतात.

महाराष्ट्रातील काही घराण्यांत असे एखादे नाव असते, की ज्याची तिथी कोणाला ठाऊक नाही. पानिपतात गेले, एवढीच नोंद. त्यांचे सर्वपित्री अमावास्येस करतात. ज्यांच्या घरी असे नाव असेल त्यांनी ते येण्यापूर्वी वडीलधाऱ्यांकडून नीट विचारून, गाव आणि गोत्रासह कागदावर लिहून आणावे. ज्यांच्या घरी नसेल, त्यांनी तरावडीवरून मागे फिरलेल्या कोणाही अनामिकासाठी ओंजळभर पाणी सोडले तर त्यास पुरोहिताची गरज नाही.

पुरोहित हवा असल्यास घाटावर मिळतात. येथील तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वंशावळींच्या लांब वह्या असतात. ते प्रथम नाव विचारीत नाहीत. गाव विचारतात, मग जात, मग आजोबांचे नाव. तुमचे गाव त्या वहीत बहुधा निघणार नाही, कारण महाराष्ट्रातून येणारे येथे थोडे. तसे झाले तर नवे पान उघडून घ्यावे. वहीत आपले नाव, पत्नीचे नाव, मुलांची व नातवंडांची नावे आणि तारीख लिहावी, आणि देवनागरीत स्वच्छ सही करावी.